शेंगा सोलत ऐकलेली कथा

परवा खंडेराव मार्केटात गेले तर हिरवी तूर आली होती. पोती अंथरून त्यांवर शेंगांचे ढीग. भाजीवालीने मी काही विचारायच्या आतच ओंजळभर शेंगा तराजूत टाकल्या आणि म्हणाली, "लो बेन, डभोई बाजूनी छे, एकदम कूणी." कूणी म्हणजे कोवळी. मी एक शेंग नखाने उकलून पाहिली. दाणे टपोरे, शेंगेच्या पाठीवर जांभळट रेघा. ओल्या गवतासारखा, किंचित उग्र वास आला. दरवर्षी या वासाबरोबर आपल्याला काहीतरी व्हायला हवं असं मला वाटतं, म्हणून मी तिथेच थोडी वाट बघते. काही होत नाही. मागची गिऱ्हाइकं ढकलायला लागतात. मग मी पिशवी भरून घेते आणि रिक्षाने मांजलपूरला परत येते.

बडोद्याच्या थंडीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, आणि संध्याकाळी दोन्हींपैकी काय ते ठरत नाही. बाजार मात्र चुकत नाही. आधी पापडी येते, मग पोंक, म्हणजे हुरडा, येतो, आणि मग ही तूर. तिच्या दाण्यांना इथे लीलवा म्हणतात आणि त्यांच्या कचोऱ्या होतात. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांतून पुरणपोळीइतक्याच निष्ठेने त्या केल्या जातात. कचोरी खायला मजा येते, पण त्याआधी शेंगा सोलाव्या लागतात. ते काम एकट्याने केलं तर जीव जातो. म्हणून ते नेहमी माणसं जमवून करायचं, आणि माणसं जमली की कोणीतरी काहीतरी सांगायला लागतं.

आमचं कथामंडळ याच्यातूनच सुरू झालं. मंडळ म्हणजे सात-आठ माणसं आणि मालूताईंची गच्ची. मालूताई आमच्याच सोसायटीत राहत. वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. त्यांना कथा ऐकायची हौस होती आणि त्यांना मोठ्या कुटुंबाच्या कचोऱ्यांसाठी शेंगाही सोलून हव्या होत्या. दोन्ही गरजा त्यांनी एकाच रविवारी दुपारी भागवायच्या ठरवल्या. निरोप असा यायचा: "चार वाजता अगाशीवर या, तुवेर फोलायची आहे, आणि कोणाचं काही लिहून झालं असेल तर घेऊन या."

पद्धत त्यांनीच घालून दिली होती. लिहिणाऱ्याने स्वतःची कथा वाचायची नाही, दुसऱ्या कोणीतरी वाचायची. बाकी सगळ्यांनी शेंगा सोलत ऐकायचं. लिहिणाऱ्यानेही सोलायचं, मान खाली घालून, तोंड बंद ठेवून. कथा संपली की प्रत्येकाने एवढंच सांगायचं, की माझा हात कुठे थांबला. शेंगा सोलणं हे असं काम आहे की हात ते आपोआप करत राहतात. ऐकताना कथेने खरोखर पकडलं तर शेंग अर्धवट उघडी राहते, अंगठा तसाच राहतो, आणि ते आपल्याला नंतर कळतं. मालूताई म्हणायच्या, "तोंड खोटं बोलतं, हाताला येत नाही. चांगली कथा, वाईट कथा हे शब्द जिन्यात चपलांजवळ ठेवून यायचे."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, गुजराती माध्यमाच्या. लाल पेन ही माझी सवय होती. पहिल्या दिवशी मी ते पर्समधून काढलं तर मालूताईंनी माझ्या हातात वाटी ठेवली आणि पेन घेऊन लोणच्याच्या बरणीमागे टाकलं. ते बहुतेक अजून तिथे असेल. पेन गेल्यावर मला काय बोलावं तेच कळेना. कोणाच्या कथेत दोष काढणं सोपं असतं, मी तर त्याचा पगार घेत होते. पण 'इथे माझा हात थांबला' असं म्हणायचं तर आधी आपण कुठे थांबलो ते स्वतःला ठाऊक हवं. मला ते शिकायला बराच वेळ लागला.

हळूहळू कळत गेलं. दुसऱ्याच्या कथेत स्वतःची कथा लिहायची नाही, ही पहिली गोष्ट. 'मी असते तर त्या मुलाला अमेरिकेला पाठवलं असतं' हे वाक्य आमच्या गच्चीवर कितीतरी वेळा निघालं आणि मालूताईंनी ते दरवेळी हाणून पाडलं. "तुझा मुलगा तू पाठव. हा बडोद्यातच राहणार आहे, लेखकाने ठेवलाय त्याला." दुसरी गोष्ट, 'हे खरंच घडलं का?' असं कधीच विचारायचं नाही. कथेतली बाई ही कथेतली बाई. ती समोर बसून शेंगा सोलत असली तरी ती ती नव्हे. आणि स्तुती करायची तर बोट ठेवून करायची. 'छान जमलीये' याने लिहिणाऱ्याचं पोट भरतं, पण पुढची कथा लिहिताना ते त्याच्या काही कामाला येत नाही. सासू दार उघडते तेव्हा तिच्या हाताला पीठ आहे, तिथे मी थांबले, असं म्हटलं की लिहिणाऱ्याला कळतं, की आपल्याला पीठ दिसतं. तो पुढच्या वेळी आणखी बघतो.

आमच्यात शिर्केकाका होते. अजून आहेत. त्यांचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते आणि काका रिफायनरीतून निवृत्त झाले, पण बसतात अजून घोड्यावर बसल्यासारखे ताठ. त्यांच्या प्रत्येक कथेत कोणीतरी मरायचं. सुरुवातीला गाव, मग पाऊस किंवा रेल्वे, मग शेवटी प्रेत. ते वाचून होईपर्यंत आमच्या वाट्या भरलेल्या असायच्या. माझं आणि त्यांचं यावरून कायम वाजायचं.

"काका, तुमचा नायक मेला तेव्हा माझी वाटी शिगोशीग भरली," मी एकदा म्हटलं.

"अरे वंदना, तुला मेलेला माणूस चालतच नाही ने!"

"चालतो की. पण मारायच्या आधी ओळख तरी करून द्या. घरात काय खायचा, कोणावर चिडायचा, काही तरी."

काका मनमुराद हसायचे आणि पुढच्या महिन्यात नवीन प्रेत घेऊन यायचे. पण मला आठवतं, हळूहळू त्यांची माणसं मरायच्या आधी काहीबाही करायला लागली होती. एकाने मरायच्या आदल्या दिवशी सायकलच्या घंटीला तेल घातलं. त्या घंटीपाशी माझा हात थांबला होता. तसं मी सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतरच्या भाद्रपदात श्रीधर गेला. माझा नवरा. दुखणं फार लांबलं नाही. हॉस्पिटलात तो होता आणि बाहेर मी होते. पहाट उलटून उजाडलं होतं. फाटकाजवळच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, मी चहा आणला आणि बाकावर येऊन बसले, तेवढ्यात नर्स आली आणि तिने सांगितलं. मी हो म्हटलं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. माझ्या हातात चहा होता. तो मी प्यायले, सगळा. आलं जरा जास्त झालंय, असं मला वाटलं. मग मी उठून आत गेले.

तेव्हापासून मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, नंतरही नाही. लोक येत होते, गळ्यात पडत होते, आणि मी त्यांना पाणी देत होते. शेजारच्या हंसाबेन रोज डबा घेऊन यायच्या आणि माझा हात धरून म्हणायच्या, "रडी लो बेन, मन हळवुं थशे." रडून घे, मन हलकं होईल. मी प्रयत्न करायचे. खरंच. न्हाणीघरात दार लावून नळ सोडून बसायचे. पाणी वाया जायचं. नणंद म्हणाली, धक्का बसलाय. डॉक्टर म्हणाले, होतं असं. मला धक्काबिक्का काही बसल्यासारखा वाटत नव्हता. मला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच मला मनापासून भीती वाटत होती. इतका संसार केला, एका ताटात जेवलो, भांडलो, त्याच्या स्कूटरवर मागे बसून हे सगळं शहर पाहिलं, आणि डोळ्यांत टिपूस नाही. म्हणजे मग आपलं त्याच्यावर प्रेम नव्हतंच का? हा प्रश्न मी कोणाला विचारू शकत नव्हते. तो सकाळी माझ्याबरोबर उठायचा आणि दिवसभर घरात असायचा.

मग तूर आली. मालूताईंचा निरोप आला. मला जायचं नव्हतं, पण न जाण्याचंही काही कारण सापडेना, म्हणून गेले. गच्चीवर तेच ऊन होतं, तीच चटई, शेंगांच्या सालांचा तोच वास. पलीकडच्या गच्च्यांवर पोरं पतंगांच्या कन्नी बांधत होती. सगळ्यांनी माझ्यासाठी जागा केली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. कोणाची तरी कथा वाचली गेली. मी सोलत होते. अंगठा, शेंग, दाणे, साल. कथा संपली आणि मला कळलं, की माझा हात कुठेच थांबला नव्हता. पुढच्या रविवारीही नाही. माझी वाटी सगळ्यांच्या आधी भरायची. कचोरीच्या दृष्टीने तो फार चांगला हिवाळा होता.

आता याचं काय करायचं? 'माझा हात थांबला नाही' म्हणायचं तर लिहिणाऱ्याला वाटणार कथा पडली. ती पडलेली नसायची. हे मला कळायचं, डोक्याने कळायचं. भूक नसताना समोरचा पदार्थ चांगला शिजलाय हे वासावरून कळतं, तसंच. शेवटी मी सांगून टाकलं, "सध्या माझ्या हातावर जाऊ नका. तो बिघडलाय. पण मला जे दिसलं ते सांगते." आणि दिसलं ते सांगू लागले. तिसऱ्या पानावर मामाच्या शर्टाचा रंग बदललाय. मुलगी रागावते ते कळतं, पण कोणावर ते उशिरा कळतं. शेवटच्या आधीच्या परिच्छेदात कथा संपलीये, उरलेलं काढून पाहा. माझ्या लक्षात आलं, की बधिर माणूसही दुसऱ्याच्या थोडाफार उपयोगी पडतो. फक्त लक्ष द्यावं लागतं. भावना उरली नव्हती, पण लक्ष होतं, आणि तेवढं मी देत होते.

त्याच हिवाळ्यात मी एक कथा लिहिली. एक बाई आहे, तिचा नवरा हॉस्पिटलात जातो. यापेक्षा वेगळं लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. बाई चहा आणते, नर्स येते, बाई चहा संपवते, आलं जरा जास्त झालेलं असतं. एवढं एका परिच्छेदात. आणि मग बाई रडते. दोन पानं रडते. भिंतीला टेकून रडते, त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडते, लग्नातल्या शालूपासून सगळं आठवून रडते. ते लिहिताना मला वाटलं होतं, की कागदावर तरी नीट होऊ दे. कागद मी मालूताईंच्या हातात दिले.

त्या रविवारी त्या स्वतःच वाचायला बसल्या. मी मान खाली घालून वाटी पुढ्यात ओढली. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि आवाज थांबले. शेंगांचे आवाज. शेंग उघडते तेव्हा टच् असा बारीक आवाज होतो. आठ माणसं सोलत असली की पाऊस सुरू व्हायच्या बेतात असल्यासारखं काहीतरी ऐकू येत राहतं. ते बंद झालं. सगळ्यांनी वाट्या खाली ठेवल्या, हात मांडीवर घेतले, माना खाली घातल्या. शोकसभेत बसतात तसे बसले. पहिल्याच वाक्याला! त्या वाक्यात काही नव्हतंही, फक्त हॉस्पिटलचं फाटक होतं.

मग मला ऐकू आलं, की एक आवाज चालू आहे. टच्. थोड्या वेळाने पुन्हा टच्. नियम मोडून मी डोळे वर केले. शिर्केकाका सोलत होते. ताठ बसून, शांतपणे, एकेक शेंग. शेजारच्या बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. काकांनी मांडी जरा सरकवून घेतली आणि पुढची शेंग उचलली. मालूताई वाचत होत्या. नर्स आली. बाईने चहा संपवला, आलं जरा जास्त झालं होतं. काकांचा आवाज थांबला.

मी वाट पाहत राहिले. तो थांबलेलाच होता. मग कथेतली बाई भिंतीला टेकली आणि तिने पहिला हुंदका दिला, आणि लगेच टच्. काका पुन्हा सोलायला लागले होते. दोन पानं बाई रडत होती आणि दोन पानं काका सोलत होते. गच्चीवर नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. मालूताईंनाही मध्ये थांबून पाणी प्यावं लागलं. माझ्या कथेतली बाई रडली, ऐकणाऱ्या रडल्या, वाचणाऱ्या रडल्या. कोरडे आम्ही दोघंच, मी आणि शिर्केकाका.

मग फेरी सुरू झाली. "काय बोलणार, वंदनाताई." "शब्दच नाहीत." "माझा हात पहिल्या ओळीलाच थांबला तो उठलाच नाही." सगळी माणसं चांगली होती, माझ्यावर माया करणारी होती, आणि एकानेही कथा ऐकलेली नव्हती. वर्गात सगळ्यांना शंभरपैकी शंभर दिले तर पेपर तपासला नाही असाच त्याचा अर्थ होतो, हे मी इतकी वर्षं शिक्षिका असल्यामुळे मला ठाऊक होतं. मी मान हलवत राहिले. आलेल्यांना पाणी द्यावं तसंच ते होतं.

"मी बोलू? फावेल ने? चालेल?" काका म्हणाले.

"पद्धतच आहे. बोला," मालूताई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात 'जपून' असं होतं.

"माझा हात आल्यापाशी थांबला. चहात आलं जास्त झालंय, तिथे. माझ्या अंगावर काटा आला. मग पुढे ती दोन पानं रडते, तिथे मी सोलत बसलो." काकांनी चष्मा काढला. "ती रडत नाहीये, वंदना. तू तिला रडवतेयस. आम्ही सगळे बघत बसलोय म्हणून."

"काका, अहो काळवेळ काही?" शेजारच्या बाई म्हणाल्या.

"हिनेच शिकवलं मला. माझी इतकी माणसं मेली, हिने एकाला तरी उगाच खांदा दिला का? आता हिची पाळी आली तर मी खोटं बोलू? ते नाही जमणार."

पलीकडच्या गच्चीवर एक पोरगं पतंग वर जात नाही म्हणून दुसऱ्यावर ओरडत होतं. आमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांचं झाल्यावर लिहिणाऱ्याला एक प्रश्न विचारता येतो. मी विचारलं, "मग रडायचं काढलं तर पुढे काय? तिने करायचं काय?"

"ते मी कसं सांगणार? कथा तुझी. मी फक्त विचारू शकतो." काकांनी थोडा विचार केला. "तो कप होता ना, कागदी. चहा संपल्यावर तिने तो कुठे टाकला?"

मी तोंड उघडलं, आणि मला आठवलं. इतके महिने आठवलं नव्हतं ते गच्चीवर, उन्हात, सालांच्या ढिगाजवळ आठवलं. तो कप मी टाकलाच नव्हता. बाकाजवळ कचऱ्याचा डबा नव्हता. आत गेले तेव्हा तो माझ्या हातात होता. सह्या केल्या तेव्हा डाव्या हातात होता. गाडीत त्याच्या शेजारी बसले तेव्हाही होता, चपटा झालेला. खिडकी उघडी होती, बाहेर टाकता आला असता. पण श्रीधरला रस्त्यावर कचरा टाकलेला अजिबात चालत नसे. दाण्यांची पुडी संपली तरी कागद खिशात घालून घरी आणायचा आणि मलाही आणायला लावायचा. त्यावरून आम्ही किती भांडलो होतो. तो शेजारी झोपला होता आणि मी तो कप मांडीवर धरून घरापर्यंत आणला. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकला, आणि मग बाहेर येऊन लोकांना सामोरी गेले.

हे मी त्यांना सांगितलं. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. सगळे ऐकत होते, आणि या वेळी खरंच ऐकत होते, कारण कोणीतरी सवयीने उचललेली शेंग तशीच हातात धरून बसलं होतं.

"हं," काका म्हणाले. "हे लिही."

मला तेव्हाही रडू आलं नाही. वाचणाऱ्याला वाटत असेल, आता आलं असेल. नाही आलं. पण सकाळी माझ्याबरोबर उठणारा तो प्रश्न त्यानंतर येईनासा झाला. ज्याच्यावर प्रेम नसतं त्याचा नियम कोणी तसल्या सकाळी पाळत नाही, एवढं मला कळलं. कथेतली दोन पानं मी काढून टाकली आणि तिथे कप घातला. कथा एवढीशी झाली. कुठे पाठवली नाही, पण ती खरी आहे, आणि मला ती आता त्रास देत नाही.

त्या फेरीबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. बाकी सगळ्यांनी मला दिलं ते सांत्वन होतं. ते वाईट नसतं, हंसाबेनच्या डब्यावर मी कितीतरी दिवस जेवले. पण लिहिणाऱ्याने कागद पुढे ठेवले, की तो आपल्याकडे डबा मागत नसतो. त्याला विचारायचं असतं, की मला जे दिसलं ते तुम्हाला दिसतंय का, आणि मी कुठे डोळे मिटून घेतलेत. हे सांगायला समोरच्याला थोडं वाईट वाटू द्यायची तयारी लागते. शेजारणीचं कोपर खावं लागतं. आणि सांगून झाल्यावर तिथेच थांबायचं असतं. काकांनी कपाविषयी विचारलं आणि गप्प बसले. कपात काय आहे ते ते सांगू लागले असते, तर मला ते कधीच आठवलं नसतं.

मालूताई आता मुलीकडे पुण्याला असतात. जाताना त्यांनी मोठी चटई आणि वाट्या माझ्या घरी आणून टाकल्या. त्यामुळे आता रविवारी गच्चीवर यायचा निरोप मीच पाठवते. शिर्केकाका येतात, पण त्यांची बोटं आता संधिवाताने वळत नाहीत, शेंग उघडत नाही. ते खुर्चीवर ताठ बसतात आणि आमच्या हातांकडे बघत ऐकतात. म्हणतात, हे बरं आहे, आता मला सगळ्यांचं एकदम वाचता येतं.

खंडेराव मार्केटातून आणलेल्या शेंगा घेऊन काल आम्ही बसलो. ऋतुजा नावाची एक मुलगी हल्ली यायला लागली आहे. मुलगी म्हणजे नोकरी करणारी बाईच, आमच्या मानाने मुलगी. घराबाहेर तिचं सगळं गुजराती-इंग्रजीत चालतं, मराठीत पहिल्यांदाच काही लिहिलंय म्हणाली. तिची आई उन्हाळ्यात गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कोणीतरी कथा वाचायला घेतली. पहिल्याच वाक्यात आईचा फोटो होता, आणि हार होता.

आवाज थांबले. वाट्या खाली गेल्या, हात मांडीवर आले. ऋतुजा मान खाली घालून बसली होती. तिची बोटं शेंगेवर होती पण हलत नव्हती. मी शेंग उचलली आणि सोलली. टच्. एका बाईने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी उचलली. टच्. ऋतुजाने डोळे वर केले, माझ्या हातांकडे बघितलं, आणि तिचे खांदे जरासे खाली आले. मग तिनेही एक शेंग उघडली.

कथा पुढे चालली होती. हार, दिवा, नातेवाईक, आईची साडी. मी सोलत होते आणि ठरल्याप्रमाणे लक्ष देत होते. साडीचा रंग सांगितलेला नाही. आत्या दोनदा येते, एकदा पुरेल. हे सगळं मी मनात बाजूला ठेवत होते, नंतर सांगायला. मग कथेत आईचा मोबाईल आला. तिने वडिलांच्या गोळीसाठी त्यात रोजचा गजर लावलेला असतो. ती गेल्यावरही तो वाजतो आणि मुलीच्याने तो बंद करवत नाही. आई जिवंत असताना वडील तिला कधी सरळ उत्तर देत नसत. आता रोज गजर वाजला की ते आतल्या खोलीतून म्हणतात, "हो गं, घेतो."

वाचणारी पुढे गेली. मीही पुढचं ऐकत होते, असं मला वाटत होतं. इतक्यात शिर्केकाका खुर्चीतून जरा वाकले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "वंदना, थांबला गं."

मी खाली पाहिलं. शेंग माझ्या हातात अर्धी उघडी होती, आणि अंगठा तसाच तिच्यात राहिला होता.